पिशवीच्या तळाशी

सोमेश्वरनगरकडून बारामतीच्या कोर्टात येणाऱ्या पक्षकाराच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी ठरलेली. वर सातबारा, मग फेरफार, मोजणीचा नकाशा, आणि तळाशी घड्या पडून मऊ झालेली कारखान्याची ऊसबिलं. दिवाणी दाव्यांत प्रतिवादीची बाजू चालवण्यात तीसेक वर्षं घालवलेले एक वकील पिशवी आली की आधी तळाशी हात घालतात. त्यांच्या ऑफिसात बसून मी हे पाहत होतो.

भांडण बांधाचं. चुलतभावाचा दावा असा, की गेल्या वर्षी प्रतिवादीनं बांध कोरला आणि वादीचे चार-पाच गुंठे उसाखाली घातले. समन्स लागल्यापासून कैफियतीला तीस दिवस. कोर्टानं मुदत वाढवली तर नव्वद.

ज्युनिअरनं कैफियत लिहून आणली. सुरुवात नेहमीची: दाव्यातील संपूर्ण मजकूर खोटा व खोडसाळ असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. वकिलांनी त्यावर आडवी रेघ मारली.

"चुलतभाऊ आहे, हेही खोटं? आजोबांनी वाटप केलं, हेही खोटं? वाटपच नाकारलंस तर आपला गट आपल्याकडं आला कुठून?"

ज्युनिअरची भीतीही अनाठायी नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर आठप्रमाणं जे स्पष्ट नाकारलं नाही, ते कबूल धरलं जाऊ शकतं. म्हणून नवखा सगळंच नाकारून मोकळा होतो. पण मोघम नकारही तिथं पुरत नाही. मुरलेला वकील परिच्छेद घेऊन बसतो; खरं तेवढं मान्य करतो आणि उरलेल्या दोन-तीन वाक्यांवर उभा राहतो. इथं एकच वाक्य उरलं होतं: "गेल्या वर्षी".

खरी घाई निशाणी पाचची. तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाला आपल्याकडच्या कोर्टांत हेच नाव. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांत तुटतो, दावा वर्षानुवर्षं चालतो. दरम्यान त्या पट्ट्यातला ऊस कुणाच्या नावानं गाळपाला जाणार, ते या अर्जावर ठरतं. प्रथमदर्शनी केस, सोय-गैरसोयीचं पारडं आणि भरून न येणारं नुकसान, या तीन गोष्टी कोर्ट पाहतं. पक्षकाराला मात्र तोडणीची चिठ्ठी दिसत असते.

ऊसबिलं कामाला आली ती इथं. त्यांच्या आधारानं ऊसनोंदीचे उतारे काढले. तीन हंगामांपूर्वीही या गटात तेवढंच क्षेत्र उसाखाली होतं. पक्षकार हरखला. वकील म्हणाले, "यानं मालकी ठरत नाही. ताबा गेल्या वर्षीचा नाही, एवढंच दिसतं. तेवढंच बोलायचं." अर्ज नामंजूर झाला.

पुढं पुरावा सुरू झाला, तेव्हा वादीनं मोजणीदाराला साक्षीला आणलं. उलटतपासात सहाच प्रश्न. सगळे शांतपणे, 'हे म्हणणं खरं आहे का' या वळणाचे. वादीच्या गटाची मोजणी केली? खरं आहे. लगतच्या गटाची केली नाही? खरं आहे. एकाच गटाच्या मोजणीवर दोघांमधली हद्द कशी ठरवली, हा प्रश्न माझ्याही ओठांवर आला होता. वकील खाली बसले. तो प्रश्न साक्षीदाराला विचारला असता तर त्यानं खुलासा केला असता. आता तो युक्तिवादात कोर्टापुढं ठेवायचा होता.

बाहेर व्हरांड्यात पक्षकारानं विचारलं, "साहेब, निकाल आपलाच ना आता?"

"निकाल लागला, की हरणारा तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करतो. उसासारखं आहे हे. तोड झाली तरी खोडवा फुटतोच. कागद जपून ठेवा."

त्यानं पिशवी उघडून पुन्हा लावली. सातबारा खाली गेला, ऊसबिलं वर आली.