डोमकळीतली अळी आणि रात्रीची दंडारी

तामसी गावाकडच्या कपाशीत डोमकळी, म्हणजे अळीमुळे मिटून राहिलेलं फूल, उकलून गुलाबी बोंडअळी टिपायची असो, की दिवाळीच्या दंडारी नाचात रात्री मोरपिसांचा टोप घालून नाचणारे गुस्साडी. त्यासाठी महागडी मॅक्रो लेन्स लागतेच असं नाही. कॅमेरा असेल तर आधी ५० मिमी एफ/१.८ लेन्स घ्या, जुनी मिळाली तरी चालेल. किटमधली १८-५५ लेन्स ५५ ला एफ/५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमीची लेन्स तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. मोरपिसांचा टोप हलताना पुसट नको असेल तर शटर निदान १/१२५ सेकंद ठेवा आणि आयएसओ बिनधास्त ३२०० करा. दाणे दिसले तर दिसोत, हललेला फोटो मात्र सुधारत नाही.

अळीसाठी याच लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब लावा. आत काच नसते, नुसती पोकळ नळी. लेन्स सेन्सरपासून लांब जाते, जवळचं मोठं दिसतं. नळ्या मिळून ५० मिमी झाल्या की अळी सेन्सरवर खऱ्या आकाराची उमटते. इलेक्ट्रॉनिक संपर्क नसलेली ट्यूब स्वस्त पडते, पण तिच्यामुळे कॅमेऱ्यावरून अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. तिथे काटकसर नको. एवढ्या जवळून एफ/८ लाही जेमतेम डोकंच फोकसमध्ये येतं, प्रकाशही घटतो. फ्लॅशपुढे पांढरा कागद धरा, आणि वारा सुटायच्या आत शेतात पोहोचा.