उलट्या सोफ्याचा दिवस

९.०० ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारातलं माझं शटर वर गेलं, की पहिल्यांदा हवा बघायची. दमट असेल तर लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, मग ते काम उद्यावर. आज ऊन स्वच्छ आहे. मामा, माझे सुतार, सरसाचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवतात. थेट आचेवर सरस करपतो आणि त्याची पकड जाते.

९.३० मधोमध शिसवी सोफा. पाठीला आरपार कोरलेली द्राक्षाची वेल. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचं काम: घडण साहेबाच्या दिवाणखान्याची, हात इथल्या कारागिराचा. फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर मार्गावर, अशा फर्निचरची दुकानं होती. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही मुंबईचं शिसवी कोरीवकाम मांडलं होतं. दुकानदारांची नावं अधूनमधून सापडतात; ज्यांनी कोरलं, त्यांची जवळजवळ कधीच नाहीत.

म्हणून मी सोफा आधी उलटा करतो. पुढून सगळं गुळगुळीत, पण बैठकीखाली रंध्याच्या पात्याचे ओरखडे तसेच आहेत. कुसवासाठी आखलेली रेघ आहे. एका कोपऱ्यात पटाशी जरा पुढे सरकली, तिथे नखाएवढी खाच. तो माणूस इथे भेटतो. या खुणांवर पॉलिश पेपर फिरवायला माझ्याकडे सक्त मनाई आहे.

११.०० मागचा पाय हलतोय. मूळ सरस वाफेने मऊ होतो आणि कुसू न मोडता खाचेतून बाहेर येतो. दीडशे वर्षांनीही सांधा उघडता येतो, ही त्या पद्धतीची खरी थोरवी. मधल्या काळात कुणीतरी खिळे ठोकलेत. ते काढण्यातच तास जातो.

वेलीचं एक पान तुटलंय. जुन्या पलंगाच्या मोडक्या गात्यातून मामा तुकडा निवडतात. लाकडाची रेघ पानाच्या टोकाकडेच धावली पाहिजे, नाहीतर टोक पहिल्याच धक्क्याला उडेल. शिसवीत अंगचं तेल असतं, तेव्हा सांधायची बाजू ताजी तासायची आणि लगेच सरस लावायचा.

१.३० डबे. मामांची भाकरी, माझी पोळी.

२.३० एका व्यापाऱ्याचा फोन: सोफा दुबईला पाठवायचाय. शंभर वर्षांवरच्या अशा वस्तूला १९७२चा पुरावशेष कायदा लागतो, खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवताच येत नाही. तेवढं सांगून फोन ठेवला.

३.०० पॉलिश. स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडा, सुती फडक्यात कापसाची गादी, हलक्या हाताने गोल गोल. एक हात वाळल्यावर दुसरा. मालकांना काळाकुळकुळीत, चकचकीत सोफा हवाय. शिसव मुळात तशी काळी नसतेच. जुनी काळी पुटं उतरली की खाली जांभळट तपकिरी रंग आणि गडद रेघा उघड्या पडतात. तो रंग पुन्हा झाकणं मला अन्याय वाटतो. मालकांना बोलावून दाखवतो. बघितल्यावर बहुतेक जण ऐकतात.

५.३० बाजूच्या आरामखुर्चीचा वेत पाण्यातून काढला. दोन उभे, दोन आडवे, मग तिरपे. ओला असतानाच विणायचा. वाळताना तो आपसूक ताणतो.

६.४५ पानाला सरस लागला, शिकंजा आवळला. पानाच्या मागच्या बाजूला मी पेन्सिलने आजची तारीख घातली. मामांना ते पटत नाही. "सांधा दिसत नाही, मग सांगायचं कशाला?" पुढच्या दुरुस्तीवाल्याने आपलं पान मूळ कारागिराचं समजू नये म्हणून, मी म्हटलं. शिकंजा उद्या दुपारपर्यंत काढायचा नाही.