फाशीचा वाद : लेखांक ५
सहा, तीन, सहा, शून्य

गेल्या आठवड्यात आपण बच्चनसिंग खटल्यापाशी थांबलो होतो. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनेत बसते असं ठरवलं, आणि ती ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी अशी अटही घातली. वेगळं मत नोंदवणारे न्या. पी. एन. भगवती एकटेच होते. कोण फासावर जाणार हे समोर कुठले न्यायमूर्ती बसलेत यावर ठरतं, हा त्यांचा मोठा आक्षेप. वाचताना तो जरा पुस्तकी वाटतो. म्हणून आज नाशिकचं एक प्रकरण पाहू.

५ जून २००३ची रात्र. पेरूच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला. पाच जीव गेले, बलात्कारही झाले. आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. क्रौर्य असं की ‘दुर्मिळातलं दुर्मिळ’ म्हणायला कुणीही कचरणार नाही. पोलिसांनी सहा जणांना पकडलं. सगळे भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले.

जून २००६मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ती जन्मठेप राज्य सरकारला पटली नाही, सरकार अपिलात गेलं. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. त्या निकालाला १९९६च्या एका निवाड्याचा आधार होता. शिक्षा ठरवताना गुन्हा बघा, गुन्हेगार नको, असा त्याचा रोख. आणि गंमत बघा (गंमत तरी कसली!), दोनच आठवड्यांनी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, तो १९९६चा निवाडा बच्चनसिंगच्या विरोधात जातो, सबब बंधनकारक नाही, असं सांगितलं. तरी या सहा जणांची फाशी तशीच राहिली. पुढे त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता असंही निष्पन्न झालं. म्हणजे कायद्याने त्याला फाशी देताच आली नसती.

मग फेरविचार याचिका. २०१८मध्ये न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला, अपिलं नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींनी सहाही जणांना निर्दोष सोडलं.

या निकालपत्रातला एक तपशील मला विसरता येत नाही. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ला, वाचलेल्या आईला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. तिने चौघांना ओळखलं. ते चौघे या सहांमधले नव्हते. त्यांना ना अटक झाली, ना त्यांच्याविरुद्ध धड तपास. पुढे ओळख परेड, साक्षीपुरावा, उलटतपासणी असं सगळं रीतसर पार पडलं. सत्र न्यायालयापासून दिल्लीपर्यंत तीन न्यायालयांनी ते तपासलं, आणि त्या अल्बमचा अर्थ लावायला २०१९ उजाडावं लागलं. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि तपासात कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशीही. तोवर सोळा वर्षं गेली होती.

फाशीची बाजू घेणारे विचारतात, ‘तुमच्या घरात असं घडलं असतं तर?’ प्रश्न खोटा नाही. २०१६च्या कोपर्डी प्रकरणानंतर निघालेल्या मोर्चांतला संताप खराच होता, आणि त्याला ‘झुंडीचा न्याय’ म्हणून झटकून टाकणं मला उद्धटपणाचं वाटतं. फाशीचे विरोधक ‘ज्याने मारलं त्यालाही जगण्याचा हक्क आहे’ इथून सुरुवात करतात आणि तिथेच ऐकणारा माणूस गमावतात. पण नाशिकच्या त्या घरापुरता हाच प्रश्न विचारून पाहा. त्या आईने ज्यांच्याकडे बोट दाखवलं ते मोकळे राहिले. सहा जण फासावर गेले असते तर फाइल बंद झाली असती, आणि तिला मिळायचा न्याय त्या फाइलीतच राहिला असता.

जरबेचा मुद्दा मी मुद्दाम थोडक्यात उरकतो. जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब जास्त बसते हे आकडेवारीने पटेल असं आजवर कुणी दाखवलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेले ए. पी. शाह अध्यक्ष असताना विधी आयोगाने २०१५च्या २६२व्या अहवालात हेच नोंदवलं, आणि दहशतवाद व देशाविरुद्धचं युद्ध हे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. संसदेने ती अजून स्वीकारलेली नाही.

काही माणसं फाशीच्याच लायकीची असतात, हे मी वादापुरतं मान्य करायला तयार आहे. ती नेमकी कोण, हे ठरवण्याइतके आपले तपास, आपले गरिबांना मिळणारे वकील आणि आपली अपिलं भरवशाची आहेत, हे मात्र मला मान्य नाही. एकाच पुराव्यावर चार निकाल लागले आणि फासावर जाणाऱ्यांचा आकडा सहा, तीन, सहा, शून्य असा फिरला. एवढ्या डळमळीत यंत्रणेच्या हाती दोर देऊ नये, असं माझं मत आहे.

पुढच्या लेखांकात दयेचा अर्ज. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयातही शाबीत झाला होता, फाशीही कायम झाली होती. तरीही जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, कारण त्यांच्या दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला सरकारने सात वर्षांहून जास्त वेळ लावला होता.