अग्नीच्या भूमींतील जलाशय

मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा देशांत सुमारें ८,२६० चौरस किलोमीटर विस्ताराचें गोड्या पाण्याचें एक सरोवर आहे. त्यांत ओमेटेपे नांवाचें बेट असून तें दोन ज्वालामुखी पर्वतांनीं मिळून बनलेलें आहे. काँसेप्सिओन हा पर्वत सुमारें १,६०० मीटर उंच असून अद्याप जागृत आहे. मादेरास शांत असून त्याच्या मुखांत लहानसें तळें सांचलें आहे. नावेंतून बेटाकडे निघालेल्या प्रवाशाला जल आणि अग्नि हीं दोन वैरी तत्त्वें एकाच दृश्यांत शेजारीं बसलेलीं दिसतात.

असें दृश्य पाहावयाचें तर सातासमुद्रांपलीकडे गेलें पाहिजे, असें खानदेशांतील गृहस्थास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु भुसावळपासून थोड्याच अंतरावर तापी नदीवर हतनूरचा जलाशय आहे, आणि त्याची भूमीही अग्नीनेंच घडविलेली आहे. फरक इतकाच, कीं येथील अग्नि विझून कोट्यवधि वर्षें लोटलीं. त्याच्या खुणा ओळखण्यास थोडी दृष्टि लागते.

सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस वर आला. ओमेटेपेसारखे शंकूच्या आकाराचे पर्वत त्यानें येथें फारसे उभारले नाहींत. पाणी सांडावें तसा तो सपाट पसरला, थिजला, आणि त्यावर पुनः नवा थर आला. अशा थरांवर थर चढून काळ्या पाषाणाचें जें पठार झालें, तें आजही सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर भूमि व्यापून आहे. सातपुड्याचे कडे, अजिंठ्याचा डोंगर आणि त्यांत कोरलेलीं लेणीं हीं सर्व त्याच पाषाणाचीं.

ज्या भेगांतून हा रस वर आला, त्यांपैकीं कित्येक तशाच भरून कठीण झाल्या. पुढें भोंवतालचा खडक झिजला आणि त्या भिंतींप्रमाणें उघड्या पडल्या. भूवैज्ञानिक त्यांना डाईक म्हणतात. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत धुळें व नंदुरबार या भागांत अशा २१० भिंती नोंदविल्या आहेत. त्यांतील सर्वांत लांब भिंत ७९ किलोमीटर आहे. धुळ्याकडील माळरानांतून जातांना पूर्व-पश्चिम गेलेली एखादी सरळ, अरुंद टेकडी दिसते, ती बहुधा अशी भिंत असते. खानदेशचा ज्वालामुखी कोठें आहे, असें कोणी विचारलें तर या टेकड्यांकडे बोट दाखवावें.

मग या भूमींत निकाराग्वासारखें सरोवर कां नाहीं? सरोवराला खोलगट अशी जागा लागते. निकाराग्वांत जमीन खचून तशी जागा निर्माण झाली. खानदेशांत मात्र पाण्याला वाट शोधण्यास अवधि पुष्कळ मिळाला. मुलताईस उगम पावलेली तापी पश्चिमेकडे वाहत सुरतेजवळ समुद्रास मिळते आणि खोऱ्यांतील पाणी आपल्यासवें घेऊन जाते. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर हा अपवाद खरा. पण तो खळगा आकाशांतून पडलेल्या अशनीच्या आघाताचा, आणि तेथील पाणी खारें. खानदेशांत विस्तीर्ण गोडें पाणी पाहावयाचें म्हणजे तें मनुष्यानें अडविलेलेंच पाहावें लागतें.

हतनूरचें धरण १९८२ सालीं पूर्ण झालें. त्याला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यांत तापीला पूर आला म्हणजे ते उघडतात, आणि गढूळ पाण्याचा लोंढा खालीं धांवतो. धरणाच्या वरच्या अंगास, चांगदेव येथें, तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे. संगमाच्या कांठीं चांगदेवाचें प्राचीन मंदिर आहे. तेंही काळ्या पाषाणाचेंच. शिलारसाचा थर येथें देवालय होऊन उभा आहे.

जलाशय पाहावयास हिवाळ्यांत सकाळीं जावें. त्या वेळीं उत्तरेकडील थंड देशांतून आलेले चक्रवाक आणि नाना जातींचीं बदकें पाण्यावर उतरलेलीं असतात. पाणी जसजसें ओसरतें, तसतसे मध्येंच मातीचे सपाट पट्टे वर येतात. त्यांवर गवत उगवतें, पक्षी विसांवतात, आणि दुरून पाहणाऱ्यास तीं बेटेंच वाटतात.

हीं बेटें म्हणजे निवळ गाळ आहे. पण तो गाळ आला कोठून? काळा पाषाण ऊन-पावसानें कुजतो आणि त्याची काळी माती होते. तीच कपाशीची माती, तीच वऱ्हाडाची व खानदेशाची लक्ष्मी. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा वाहत येते, तेव्हां ती आपल्याबरोबर ही माती आणते. वाहत्या पाण्यांत माती उचलून धरण्याची शक्ति असते. जलाशयांत शिरतांच पाण्याचा वेग मंदावतो, ती शक्ति सरते आणि माती तळाशीं बसते. म्हणजे हतनूरचीं बेटें ही एका अर्थीं ज्वालामुखीचींच संतति. ओमेटेपे अग्नीनें उभारलें, हीं त्याच अग्नीच्या राखेसारखीं कणाकणानें सांचत आहेत.

प्रवाशाच्या डोळ्यांस हें दृश्य रम्य वाटतें, पण संसारी मनुष्यानें त्याचा हिशेब मांडला पाहिजे. बेट जितकें वाढतें, तितकी पाण्याची जागा कमी होते. गाळामुळें हतनूरची पाणी सांठविण्याची शक्ति मूळच्यापेक्षां बरीच घटली आहे. भुसावळ शहराचें पिण्याचें पाणी, दीपनगरचें वीजकेंद्र, आणि रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांकडे जाणारा कालवा, हीं सर्व याच जलाशयावर अवलंबून आहेत. उथळ झालेलें तळें पावसाळ्यांत लवकर भरतें आणि उन्हाळ्यांत लवकर आटतें. पावसानें एखाद्या वर्षीं दगा दिला म्हणजे या उथळपणाचें मोल घराघरांतून मोजावें लागतें.

धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीवर जुन्या काळचे दगडी बंधारे आहेत. ते बुटके असतात. पूर त्यांवरून निघून जातो, आणि हवें तेवढें पाणी पाटानें ‘फडां’त, म्हणजे शेतांच्या ठराविक विभागांत, नेलें जातें. त्या बांधकाऱ्यांनीं मोठा सांठा केला नाहीं, म्हणून गमावण्यासारखेंही त्यांच्यापाशीं फारसें नव्हतें. आजच्या शहरांना सांठ्यावांचून चालणार नाहीं, हें उघड आहे. तेव्हां उपाय दोनच राहतात: माती शेतांतून सुटूं न देणें, आणि सुटलेली माती परत शेतांत नेणें. पहिल्यासाठीं बांधबंदिस्ती आणि डोंगरउतारावरील झाडी. दुसऱ्यासाठीं तळ्यांतील गाळ काढून शेतकऱ्यांस देण्याची महाराष्ट्र शासनाची योजना २०१७ सालीं सुरू झाली. लहान तलावांस ती सोयीची आहे. हतनूरसारख्या मोठ्या जलाशयाचें काम अधिक कठीण, कारण त्याची माती तीन-चार जिल्ह्यांच्या शेतांतून येते. तिची राखण त्या शेतांच्या बांधांवरच सुरू झाली पाहिजे.

निकाराग्वाचें सरोवर निसर्गानें दिलें. हतनूरचें मनुष्यानें केलें. केलेली वस्तु राखावीही लागते. हिवाळ्यांतील एखाद्या सकाळीं त्या कांठीं जाणाऱ्यानें पक्षी अवश्य पाहावे. परंतु परततांना कांठची मूठभर काळी माती हातांत घेऊन, ती कोणत्या शेतांतून आली असेल, याचाही विचार करावा.