शर्ट बेतताना

गेल्या जूनमध्ये माझ्या पुतण्याला पहिली नोकरी लागली. लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. नेमणुकीच्या पत्रासोबत पोशाखाच्या नियमांचा एक कागद होता. सोमवार ते गुरुवार लांब बाह्यांचा, कॉलरचा, आत खोचलेला शर्ट, शुक्रवारी मोकळीक. पगार हाती पडायला महिना होता आणि शर्ट मात्र सोमवारपासूनच लागणार होते. माझ्या धाकट्या भावाने पाच हजार रुपये काढून दिले. ते खिशात घालून पोरगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, सेलमध्ये एवढ्यात आठ येतात. पण तिथली मुलं बघताक्षणी ओळखतात म्हणे, कुठला आहे ते.”

‘कुठला आहे’ हे तो शर्टाविषयी बोलत होता की स्वतःविषयी, हे मी त्याला विचारले नाही.

ही धास्ती आजची नाही. इंग्रजीतला ‘व्हाइट कॉलर’ हा शब्द विसाव्या शतकात रुळला. आपल्याकडचा ‘पांढरपेशा’ त्याच्या कितीतरी आधीचा. कोकणातल्या जुन्या महसुली व्यवहारात पांढरपेशा गणल्या जाणाऱ्या कुळांना साऱ्यात सवलत मिळे, कारण नांगर हाती धरणे त्यांच्या इभ्रतीला शोभत नसे. म्हणजे कपडा पांढरा राहणे हीच मुळी प्रतिष्ठा, आणि तिला सरकारदरबारी मोल! ही उतरंड ज्यांनी मोडायला घेतली त्यांनाही कपड्याचे महत्त्व पुरते ठाऊक होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांसमोर बोलताना लुगडे कसे नेसावे हा विषय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना किरकोळ वाटला नव्हता. ‘कपड्यात काय आहे?’ असे सहज म्हणणाऱ्याला कपड्यावरून दारात कुणी अडवलेले नसते, एवढेच.

तेव्हा पोराला उपदेश करण्याऐवजी मी चपला घातल्या आणि त्याच्याबरोबर निघालो.

कापडातले मला जे थोडेफार कळते ते वडिलांमुळे. ते गिरणीत साळखात्यात होते. तीस वर्षे साच्यांच्या खडखडाटात उभे राहून कान गेले, पण बोटे शाबूत होती. कापड हाती घेतले की किंमत न विचारता सूत सांगत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, आणि वडील पुन्हा खात्यात गेले नाहीत. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींना दुसरी वाट मोकळी करून दिली. फिनिक्स, कमला, रघुवंशी ही गिरण्यांची नावे आज मॉलची, उपाहारगृहांची, कचेऱ्यांची म्हणून नव्या पिढीला माहीत आहेत. ज्या वस्तीत आजोबांनी कापड विणले तिथेच नोकरीला जाणाऱ्या नातवाला कापड ओळखता येऊ नये, हे मला खुपले.

सेलच्या दुकानात पहिला धडा झाला. रंग पाहायच्या आधी आतली चिठ्ठी वाच, मी म्हटले. आठांतले बहुतेक शर्ट पॉलिएस्टर मिसळलेले निघाले. पॉलिएस्टरला मी नावे ठेवणार नाही. १९४१ साली इंग्लंडमध्ये हा धागा जन्मला. पुढे टेरिलिन आणि टेरिकॉट म्हणून तो आपल्याकडे आला तेव्हा चाळीतल्या माणसाला त्याने केवढा दिलासा दिला! रात्री धुवावा, गॅलरीत टाकावा, सकाळी इस्त्रीवाचून घालावा. आजही ज्याच्याकडे दोनच शर्ट आहेत त्याने थोडी मिसळ असलेले कापड घेतले तर ते शहाणपणाचेच. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. साध्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओल धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. सकाळच्या गर्दीच्या लोकलमधला घाम सुती कापड शोषून घेते, पॉलिएस्टरच्या आत तो अंगावरच राहतो. नवव्या मजल्यावरच्या थंडगार हवेत शिरताना हा फरक चांगलाच जाणवतो.

वडिलांची परीक्षा सोपी होती. कापडाचा कोपरा मुठीत दहा आकडे घट्ट धरायचा आणि सोडायचा. चुण्या हळूहळू सैलावल्या तर ठीक. कागदासारख्या तशाच राहिल्या तर इस्त्रीवाल्याचे बिल वाढणार. मग कापड उजेडासमोर धरायचे. वीण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, कुठे दाट कुठे विरळ नको. शंका आलीच तर कडेचा एक धागा घरी नेऊन जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळते, मागे राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

दुकानदार मात्र आकडे सांगतो. ‘साहेब, शंभरचं सूत आहे!’ हा आकडा कसला? ८४० वारांची एक लडी, अशा किती लड्या एका पौंडात बसतात तो. आकडा मोठा तितके सूत बारीक आणि कापड मऊ. पण बारीक म्हणजे टिकाऊ नव्हे. फार तलम कापड लवकर विरते आणि आतले बनियन दाखवते. रोज घालायच्या शर्टाला मध्यम सुताचे पॉपलिन उत्तम. इस्त्रीचा कंटाळा असेल तर तिरप्या विणीचे ट्विल. सूत दोनपदरी असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही, त्याने बळकटी येते.

शिलाई तपासायला मुलाला शर्ट उलटा करायला लावला. टाके बारीक आणि जवळजवळ हवेत, काजांची कड भरगच्च हवी. चौकड्याच्या शर्टात खिशाची रेघ अंगाच्या रेघेशी जुळली नसेल तर शिवणाऱ्याला घाई होती हे ओळखावे. कॉलरमधले अस्तर निकृष्ट गोंदाने चिकटवलेले असले तर दोन-चार धुण्यांत फुगे येतात. नव्यावर ते दिसत नाही, पण कॉलर जरा वाकवून सोडली तर हाताला अंदाज येतो.

मग माप. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी. कॉलरचे बटण लावल्यावर मानेशी एक बोट सहज फिरावे. खुर्चीवर बसल्यावर छातीच्या बटणांमध्ये फट पडू नये. शेवटची परीक्षा अस्सल मुंबईची. दुकानाच्या आरशासमोर मी पोराला हात वर करायला सांगितले, लोकलची कडी धरल्यासारखा. शर्ट पँटीतून सुटून वर आला. “काका, हा तर रोज परळला उतरेपर्यंत बाहेर येईल,” तो हसला. उंची कमी होती. तो शर्ट परत घडीत गेला.

अखेर हिशेब ठरला. पोशाखाचे दिवस चार, तेव्हा शर्ट चार. आठ नकोत. सोमवारची निकड म्हणून दोन तयार घेतले, एक पांढरा, एक फिका निळा; दोघांचे मिळून २,२०० रुपये. दोन शिवायचे ठरले, कारण पोराचे हात लांब आणि खांदे अरुंद. हिंदमाताला जाऊन कापड पाहिले. ५८ इंची पन्ह्याला लांब बाह्यांच्या शर्टासाठी साधारण एक मीटर साठ सेंटीमीटर पुरते. मी पावणेदोन मीटर मागितले. ४२० रुपयांच्या भावाने दोन्हींचे १,४७० झाले. शिलाई हजार. उरलेल्या ३३० रुपयांत दोन बनियन आली.

“जास्तीचं कापड कशाला?” पोराने विचारले.

शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर पाण्यात ठेवले, म्हणजे आटायचे ते आधीच आटते. आठवड्याने शर्ट मिळाले. पहिल्या दिवशी कुणी काही म्हणाले का, असे मी विचारले, तर म्हणाला, “नाही, कुणी पाहिलंच नाही शर्टाकडे. कामाचंच बोलले.” कचेरीतल्या शर्टाकडून याहून अधिक काय मागायचे? माणूस बोलत असताना त्याने मध्ये बोलू नये.

शिंप्याने उरलेले तुकडे घडी करून पिशवीत घातले होते. वडिलांचा एकच चांगला शर्ट होता. त्याची कॉलर झिजली की आई ती उसवून, उलटून पुन्हा शिवून घेई, आणि शर्टाला आणखी दोन वर्षे मिळत. शर्ट कॉलरला आणि कफांना आधी जातो, बाकीचे अंग धडधाकट असते. म्हणून मी ते तुकडे पोराच्या हाती दिले आणि कपाटात जपून ठेवायला सांगितले. कॉलर झिजेल तेव्हा लागतील.