बिल्ल्याचा नंबर, खात्याचा नंबर

सांगलीच्या शाखेत काउंटरवर बसत होतो तेव्हा पैसे काढायला आलेल्याच्या हाती पितळी बिल्ला द्यायचो. सात नंबरचा बिल्ला दुपारी दुसऱ्याच कुणाच्या हातात असे. खात्याचा नंबर मात्र ज्याचा त्याचा. नव्या कारकुनांना हा फरक मी कितीदा समजावला असेल! साठी उलटल्यावर तोच मला एका पेन ड्राइव्हने शिकवला.

साताऱ्याला घरच्या संगणकात जुना पेन ड्राइव्ह लावला. त्याला 'ई' अक्षर मिळाले. वहीत टिपले, "ई कोरा करणे." दुसऱ्या दिवशी सांगलीला धाकट्या बहिणीकडे गेलो. आई जाऊन नऊ वर्षे झाली. तिच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या बहिणीकडे पेन ड्राइव्हवर होत्या. तो आधी लावला, माझा मागून. वही पाहिली आणि 'ई' फॉरमॅट केला. ओव्या गेल्या.

भाच्याने कारण सांगितले. वस्तू जोडली की तारेतला विद्युतदाब बदलतो आणि पाहुणा आल्याचे संगणकाला कळते. यूएसबीची ही पद्धत १९९६ सालची. ती घडवणाऱ्यांत बडोद्याला शिकलेले अजय भट्ट होते. आलेल्या वस्तूचा पत्ता आधी शून्य असतो, मग १ ते १२७ मधला एक मिळतो. मग कुळाची चौकशी : कंपनी कोणती, वस्तू कोणती? उत्तर आकड्यांत येते आणि त्यावरून ड्रायव्हर निवडला जातो. शेवटी बारसे! विंडोजमध्ये 'ए', 'बी' फ्लॉपीसाठी राखलेली, 'सी' मुख्य डिस्कचे. पुढचे मोकळे अक्षर पाहुण्याला. साताऱ्याच्या संगणकाला ते सहसा आठवतेही, पण सांगलीच्या संगणकाला कसे आठवावे? म्हणजे 'ई' हा निव्वळ पितळी बिल्ला. खात्याचा नंबर निराळाच असतो. फॉरमॅट करताना तो डिस्कवरच लिहिला जातो आणि डिस्क कुठेही नेली तरी तोच राहतो. लिनक्समध्ये डिस्क त्यावरून ओळखता येते.

झटपट फॉरमॅटमध्ये अनुक्रमणिका पुसली जाते, पाने बहुतेक शाबूत राहतात. रात्रभर खटपट करून भाच्याने बऱ्याच ओव्या परत आणल्या. पण फाइलींची नावे गेली होती. राहिले नुसते आकडे. बहीण एकेक ऐकत बसली. "दादा, ही तुझ्या मुंजीतली. ही माझ्या लग्नाच्या हळदीची." ती सांगत होती, मी लिहीत होतो.

पेन ड्राइव्हला आपणही नाव देऊ शकतो, हे तेव्हा कळले. त्याचे नाव आता 'आई' आहे. दुसरी प्रत साताऱ्याला माझ्या कपाटात असते.