कोलंबिया नदीवरचा पूल आणि नागरिकांच्या हरकती

अमेरिकेतल्या पोर्टलंडला वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हरशी जोडणारे कोलंबिया नदीवरचे जोडपूल १९१७ आणि १९५८ सालचे, लाकडी खांबांच्या पायावर उभे. मोठ्या भूकंपात ते टिकतील याचा भरवसा नाही. उंच जहाज आलं की पुलाचा एक भाग वर उचलतात, वाहनं ताटकळतात. लाइट रेलसह नवा पूल बांधायचा आधीचा प्रकल्प २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या सिनेटने पैसे नाकारल्याने बारगळला. नव्या प्रकल्पातही लाइट रेल आहेच. २०२४ मध्ये त्याच्या पर्यावरणीय परिणामांचा मसुदा आला, त्यावर ६० दिवस हरकती-सूचना मागवल्या. हरकती नोंदवणं म्हणजे मतदान नव्हे; संख्येपेक्षा मुद्दा महत्त्वाचा. लाइट रेलच्या उंचावरच्या स्टेशनवर म्हाताऱ्या माणसाने लिफ्ट बंद पडल्यास जायचं कसं, असं नेमकं विचारणारं एक पत्र एकाच छापील मजकुराच्या पत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा मोलाचं, कारण अशा मुद्द्यांची दखल अंतिम अहवालात घ्यावीच लागते.